कोपरभर पाणी

चष्मेवाल्याला काचेवरचा डाग म्हणजे डोळ्यातलं कुसळ. त्यामुळे थोरली बहीण, म्हणजे अक्का, गेल्यावर तिची पाणवनस्पतींची छोटीशी मत्स्यटाकी घरी आली, तेव्हा या पठ्ठ्यानं आधी काय केलं असेल, तर ती घासूनपुसून लख्ख केली. जुनं पाणी झाडून सगळं मोरीत ओतलं, खडे चोळले, गाळणीचा काळपट स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. मग मासे परत सोडून कौतुकानं बघत बसला.

"दुकानातला आरसासुद्धा लाजेल," तो बायकोला म्हणाला.

पाणी लवकरच दुधाळलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, पानं चिकट झाली. टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानदारानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, त्या मळातच टाकीचा जीव होता. माशांची घाण पचवणारे जंतू तुम्ही नळाखाली धुऊन टाकलेत. आता रोज थोडं पाणी बदला, पण बादलीत रात्रभर उघडं ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. मासे जगतील, असं मात्र मी सांगत नाही."

तो घरी आला तो पार खचूनच. आई लवकर गेली, त्याला वाढवलं अक्कानं. अंघोळीचं पाणी त्याच्या अंगावर घालण्याआधी ती त्यात कोपर बुडवून बघायची, आणि म्हातारपणी माशांच्या बादलीतही तसंच. तिची म्हणावी अशी ही टाकी एवढीच मागे उरली होती. त्या रात्री तो न जेवताच झोपला.

सकाळी खिडकीखाली भरलेली बादली होती. बायकोनं ठेवली असेल, असं समजून त्यानं पाणी बदललं. मग ते रोजचंच झालं. मासे हळूहळू खाली उतरले, पानापानातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटू लागल्या, आणि पाणी असं नितळलं की जन्मभर काचा घासलेला तो माणूस टाकीसमोर श्वास रोखून उभा राहायचा. इतकं स्वच्छ त्यानं कधी काही पाहिलंच नव्हतं.

"तू रोज आठवणीनं भरतेस हं," एकदा तो बायकोला म्हणाला.

"मी? मला वाटलं तुम्हीच भरता. मी बाई त्या बादलीला हातसुद्धा लावत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली काठोकाठ भरलेली होती. तो शेजारी उकिडवा बसला, बाही दुमडली आणि कोपर खाली नेलं. ते टेकायच्या आतच पाणी वर चढलं आणि काठावरून अलगद त्याच्या पायावर सांडलं. कोमट होतं. मग आतलं पाणी खाली बसलं, पहिल्यापेक्षा थोडं कमी, कुणीतरी हात बाहेर काढून घ्यावा तसं.

त्याला भीती वाटली नाही.

"चालेल ना, अक्का?" त्यानं हळूच विचारलं.

आणि लहानपणी पहिला तांब्या डोक्यावर पडण्याआधी मिटायचा, तसे त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.