कुंदाबाईचे उजवीकडचे दात

मुंबईच्या दंतवैद्यक कॉलेजच्या अर्जासोबत एक पान जोडायचं होतं: तुम्हाला दंतवैद्य का व्हायचं आहे? सोमवारच्या टपालाने अर्ज गेला नाही, तर लोटनचं वर्ष वाया जाणार होतं. इंटर सायन्सला त्याला पहिला वर्ग होता. अडलं होतं ते या पानावर.

पहिला मसुदा त्याने जळगावला देवरे सरांना दाखवला. ते रसायनशास्त्र शिकवत. मावशीची कहाणी काढून टाक, म्हणाले, कॅल्शियमवर लिही. दुसरा मसुदा फैजपूरला रतिलाल गुरुजींनी पहिल्याशेजारी ठेवून वाचला. कॅल्शियम काढ, मावशी परत आण आणि तिचं दुखणं पाहून तुझा जीव कळवळला असं लिही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिसऱ्या मसुद्यात लोटनने दोघांचंही थोडं थोडं घेतलं, आणि तो दोघांनाही आवडला नाही.

शनिवारी त्याने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. एकाच प्रयोगाची दोन उत्तरं आली की आधी प्रयोग तपासावा, अशी त्याला सवय होती. मग त्याच्या ध्यानात आलं, की तिसऱ्या मसुद्यात दोघांच्याही पेन्सिली एकाच वाक्याखाली फिरल्या होत्या: 'मिश्रीमुळे माझ्या मावशीचे दात गेले.' सरांनी समासात लिहिलं होतं, 'पुरावा?' गुरुजींनी लिहिलं होतं, 'यात मावशी दिसत नाही.'

खरं म्हणजे त्याने मावशीला कधी विचारलंच नव्हतं. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड गावातल्या बाया रोज दातांना लावत, आणि दात पडले की सगळे मिश्रीलाच दोष देत. त्यानेही तेच लिहून टाकलं होतं.

रविवारी सकाळच्या बसने तो यावलला उतरला. मावशी, म्हणजे कुंदाबाई, केळीच्या बागेत होती. दात पाहू दे म्हटल्यावर तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बैल घ्याले आला का रे? बाजारात असेच दात पाह्यतात."

तरी तिने तोंड उघडलं. डावीकडचे दात काळे, पण घट्ट होते. उजवीकडचे चार गेलेले. मिश्री कशी लावतेस, त्याने विचारलं. तिने बोट दोन्हीकडे सारखंच फिरवून दाखवलं. लोटन बुचकळ्यात पडला.

निघताना तिने त्याच्यासाठी केळीची एक फणी बांधायला घेतली. केळीच्या वाळलेल्या खोडाचं सोपट, पट्टीसारखी चिवट साल, हातात धरलं, डाव्या दातांत पकडलं आणि झटका देऊन त्याची दोरी फाडली.

"मावशी, नेहमी डावीकडूनच फाडतेस?"

"आधी उजवीकून फाडे. आता तिकडं दात कुठी आहेत?"

"किती वर्षं?"

"लगीन झालं तवापासून, वीस वर्सं तरी. विळा शोधे कोण?"

त्याने डाव्या दाताच्या कडेवर बोट फिरवलं. तिथे बारीक खाच पडू लागली होती. पुढचा अर्धा तास तो प्रश्न विचारत राहिला आणि ती हसत उत्तरं देत राहिली.

त्याच बांधावर बसून त्याने चौथा मसुदा लिहिला. मिश्री दोन्ही बाजूंना, दात गेले एकाच बाजूचे. त्याच बाजूने वीस वर्षं सोपट फाडलं. दोष सोपटाचा, मिश्रीचा की दोन्हींचा, हे मला ठरवता येत नाही. ते शिकायला मला यायचं आहे.

हे पान पाहून सर काय म्हणतील आणि गुरुजी काय म्हणतील, याचा त्याने थोडा वेळ विचार केला. मग सोमवारी सकाळी, कोणालाही न दाखवता, पाकीट पेटीत टाकलं.

कुंदाबाईला मात्र मुंबईला जाण्याआधी त्याने एक विळा नेऊन दिला. तिने तो छपराला खोचला आणि सोपट दातांत धरलं.