धुडकूच्या पायातली नावेची साखळी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो, आणि माझा आवाज काही गोड नाही. लोखंड ते लोखंडच! शहाद्याच्या एका लोहाराने मला भट्टीत तापवून, घणाचे घाव घालून घडवले ते नाव बांधण्यासाठी. तापीकाठच्या एका गावात धुडकू भोयाची नाव होती. तिला खुंट्याशी धरून ठेवायचे, एवढेच माझे काम.

इंग्रजांच्या राज्यातले दिवस होते. आमच्या गावाजवळ पूल नव्हता. बाजारच्या दिवशी माणसे, शेळ्या, कापसाची गाठोडी, सगळे आमच्याच नावेतून पलीकडे जाई. पाण्याखालचा एकेक खडक धुडकूला तोंडपाठ. "डोळे बांधले तरी हा नाव बरोबर काठाला लावील," असे लोक म्हणत, आणि मीही खुंट्यावर ऐटीत खळखळत असे.

पलीकडच्या काठावर सरकारी परवान्याचे गांजाचे दुकान होते. धुडकूचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, भिला तिथून पुडी आणी आणि दोघे चिलीम पेटवत. आधी थकवा घालवायला म्हणून संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी उठल्याउठल्या. भिला हसतखेळत घरी जाई. धुडकूचे मात्र हळूहळू बिनसत गेले. भर नदीत तो वल्हे हातात धरून थांबे. कुठल्या काठाला जायचे तेच विसरे. एकदा तर नाव सरळ खडकावर गेली. माणसे वाचली, हे नशीब! पुढे त्याला कुणालाच न ऐकू येणारे आवाज येऊ लागले. "नदी माले बलाई ऱ्हायनी," म्हणत, नदीच्या हाकेला ओ दिल्यासारखा तो खोल पाण्यात चालू लागे आणि लोक त्याला ओढून काढत.

शेवटी त्याची बायको तापीबाई हिनेच रडत रडत मला नावेवरून सोडून आणले. माझे एक टोक घराच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, दुसरे धुडकूच्या पायात. अरे देवा! नाव धरायची ती मी आता नावाड्याला धरून बसले. तापीबाई माझ्या कड्यांखाली जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळी, तरी त्याचा घोटा सोलवटेच. मला माझीच लाज वाटे.

लोक म्हणाले, बाहेरचे लागले. भगताने अंगारा लावला. भिला तर जीव लावणारा माणूस; तो रोज चिलीम भरून आणी. "पाव्हणाले दोन झुरका मारू दे, बाई. शांत व्हई जाई." आणि खरेच, घटकाभर धुडकू गप्प बसे. झाले! चिलीम हेच औषध, असे सगळ्यांनी धरून टाकले. संशय येणार तरी कसा? तीच चिलीम ओढून भिला ठणठणीत होता ना.

मग श्रावणात तापीला मोठा पूर आला. नावा वर ओढून ठेवल्या. भिला पलीकडे अडकला आणि घरातली पुडी संपली. सुरुवातीला धुडकूला झोप नाही, जेवण नाही, नुसते सगळ्यांवर डाफरणे. पुढे मात्र तो निजू लागला. आवाज विरत गेले. एका सकाळी तो म्हणाला, "कोकिळानी माय, माले भूक लागनी." कोकिळा म्हणजे त्यांची लेक. कित्येक महिन्यांत तिचे नाव बापाच्या तोंडी आले नव्हते. तापीबाई ऐकतच राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली.

पूर ओसरला. भिला आला, धुडकूला बरा पाहून त्याला कोण आनंद झाला! त्याने प्रेमाने चिलीम भरली. दुसऱ्याच दिवशी नदी पुन्हा धुडकूशी बोलू लागली. तापीबाई माझ्याजवळ बसून पुरातले बिनचिलमीचे दिवस आठवत होती. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मात भावाला कधी उलटून न बोललेली ती बाई दारात आडवी उभी राहिली.

"तुले पची गयी, भाऊ. त्यास्ले नही पचनी. चिलीम आते ह्या घरमा लई येऊ नको."

"माले वाटनं, औषध शे," भिला पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले. त्यानंतर त्याने त्या घरात चिलीम आणली नाही.

आवाज पुन्हा विरले आणि हिवाळा संपता संपता एका सकाळी तापीबाईने मला धुडकूच्या पायातून सोडवले. त्याने मला खांद्यावर टाकले आणि तो तडक नदीकडे निघाला. तापीबाई मागोमाग धावली. धुडकू गुडघाभर पाण्यात शिरला, नावेपाशी थांबला आणि त्याने मला नावेच्या कडीत अडकवले. माझे दुसरे टोक खुंट्याला बांधले. मग मला घट्ट धरून तो ओक्साबोक्शी रडला. मित्रांनो, इतका आनंद मला भट्टीतून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

सगळे पहिल्यासारखे झाले, असे मी म्हणणार नाही. काही खडक तो विसरूनच गेला. मग तापीबाई नावेच्या टोकाशी बसून ओरडे, "डावीकडे घ्या!" आणि नाव काठाला लागे. वर्षानुवर्षे लागत राहिली.

आता मी वाळूत गंजत पडले आहे. एवढेच सांगते, एकाला पचले म्हणून दुसऱ्याला पचेलच असे धरू नका. कुणाचे डोके फिरले तर साखळी शोधायला धावण्याआधी, आपणच मायेने त्याच्या हातात काय देतो आहोत ते पाहा. आणि जमले तर मला थोडे तेल लावा. हव्या त्या नावेला बांधा, मी वादळातही सोडणार नाही. माणसाच्या पायात मात्र मला पुन्हा घालू नका.