पंचविसावं घर

"मीटर..." म्हणून तो अडखळला. नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती, पण समोरचं दार उघडलं की त्याच्या तोंडून अजून तोच शब्द बाहेर पडायचा. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर हसले आणि त्याला मीटर दिसावा म्हणून सवयीने बाजूलाही झाले. मग त्याने काखेतलं पावतीपुस्तक पुढे धरलं आणि घाईघाईने सांगून टाकलं, की आता मीटर नाही, वर्गणी. इमारतींच्या मागे जी मोकळी जागा पडून आहे, तिथे सगळ्यांसाठी बाग करायची आहे.

"पुन्हा?" मास्तर म्हणाले.

म्हणाले आणि लगेच जीभ चावली. चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेले, दोन नोटा घेऊन आले, पावती नको म्हणाले आणि दार लावून घेतलं. उभा जन्म पोरांना हिशेब शिकवण्यात घालवलेला माणूस पैसे देतो आणि पावती नको म्हणतो, हे त्याच्या काही पचनी पडेना.

वसाहतीत सगळे त्याला मीटरकाका म्हणत. आसपासच्या घराघरांत तो पस्तीस वर्षं दर महिन्याला गेला होता आणि त्यातलं एकही घर त्याने धड पाहिलं नव्हतं. मान वर, आकडा वहीत, की निघाला. "तुम्हाला लोकांचे आकडे पाठ, पण त्यांची नावं विचारली तर बोंब," असं बायको म्हणायची. ती जाऊन आता तीन महिने झाले होते. आजारपणात ती मागच्या खिडकीशी बसून फुटक्या विटांचा आणि मोडक्या फर्निचरचा तो ढीग बघत राहायची. एकदा म्हणाली, "इथे झाडं बघायची होती मला." तेवढंच म्हणाली आणि भिंतीकडे वळली. निदान एवढं तरी तिच्यासाठी करायचं, असं त्याने आता मनाशी ठरवलं होतं. शहाणपण उशिरा सुचलं हे त्याचं त्यालाही कळत होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, "आम्ही काकूंकडे दिलेत की." आतून नवरा खाकरला. त्यासरशी त्यांनी विषय बदलला, तब्येत विचारली आणि त्याच्या हातात एक नोट कोंबली. शेजारच्या घरातही तसंच झालं. दुपारपर्यंत सात घरं झाली, आणि त्यातल्या चार घरांनी बायकोचं नाव काढून लगेच गिळलं. कधी दिले, किती दिले, असं त्याने विचारलं की जो तो "जाऊ द्या हो काका" म्हणून दारातल्या चपलांकडे बघायला लागे. पैसे मात्र सगळे देत होते. नाही म्हणाले असते तर बरं, असं त्याला वाटू लागलं.

घरी येऊन त्याने कपाट उपसलं, धान्याचे डबे चाचपले, फळ्यांवरचे कागद उचकटले. हाती काहीच लागलं नाही. मग त्याला मेहुणा आठवला. मेहुण्याने दुकान टाकलं त्याला चार वर्षं होत आली होती, आणि भांडवल कुठून आणलं ते कुणी विचारलं नव्हतं. बायकोने लोकांचे पैसे भावाला दिले असतील का? हा विचार मनात आला आणि त्याने हातातला डबा खाली ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तिचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची शरमही वाटली.

शेवटी तो तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेला. बायकोचं त्यांच्याशी सख्ख्या बहिणीसारखं होतं. त्याने पावतीपुस्तक मशीनवर ठेवलं आणि सरळ विचारलं, "तिने पैसे कुणाला दिले?"

बाईंनी मशीन थांबवलं. कपड्यावरचे दोन धागे वेचले.

"डॉक्टरांना," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांच्या."

त्याला काही उमजेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर बायकोने घरखर्चातून साठवलेल्या पैशांवर केलं होतं. तसं तो म्हणालाही.

"भावोजी, त्या वर्षी तुम्ही तीनचे आठ लिहीत होतात. साहेबांनी नोटीस दिली होती, नोकरी जायची वेळ आली होती. बागेचे पैसे तिच्याकडे जमलेले होते. मग ती परत प्रत्येक दारात गेली. म्हणाली, आधी त्यांचे डोळे करू का? बाग मागाहून करू."

"आणि लोक हो म्हणाले?"

"नाही म्हणून करतात काय? बिलं दुपटीने आमचीच येत होती." बाई हसल्या. "तुम्ही गावभर सांगत सुटला होतात, माझ्या बायकोने काटकसर करून मला डोळे दिले म्हणून. ती म्हणाली, त्यांचं तेवढं राहू दे. मग कुणीच तोंड उघडलं नाही."

त्यांनी कापडाच्या गठ्ठ्याखालून एक पातळ वही काढून दिली. बायकोचं अक्षर त्याने लगेच ओळखलं. चोवीस घरं ओळीने लिहिलेली, प्रत्येकापुढे रक्कम. पंचविसावी ओळ होती 'आमचं घर', आणि तिच्यापुढे काहीच नव्हतं.

"इथे लिहायचं राहिलं का?" त्याने विचारलं.

बाईंनी मशीनवरचं कापड सारखं केलं. मग हळूच म्हणाल्या, "बागेच्या वर्गणीसाठी सगळ्यांत आधी तिने तुम्हालाच विचारलं होतं. नसते उद्योग करू नकोस म्हणालात म्हणे."

त्याने खूप आठवून पाहिलं. सकाळी की संध्याकाळी, जेवताना की कामावर निघताना, ती काय बोलली, तो काय बोलला, काही म्हणजे काही आठवेना. मास्तरांच्या मीटरचा त्या सालचा आकडासुद्धा त्याला आठवत होता. हे आठवत नव्हतं. दिलेल्या नकारापेक्षा तो विसरल्याचंच त्याला जास्त लागलं.

वही आणि पावतीपुस्तक घेऊन तो जिना चढला. आपल्या दारापाशी आल्यावर त्याचा हात घंटीकडे गेला. दिवसभराच्या सवयीने गेला की आणखी कशाने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आत घंटी वाजली. इतर दारांत थांबला होता तितकाच वेळ तो इथेही, अंग चोरून, थांबला. मग त्याने खिशातून किल्ली काढली.