हसावं लागायचं

इस्पितळाचं धुलाईघर तळघरात होतं. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले गाड्यांवर लादून खाली यायचे, ड्रममध्ये धुतले जायचे, पिळून निघायचे आणि शेवटी रोलरवर यायचे. रोलर म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं इस्त्रीचं जुनाट मशीन. दोन तापलेल्या रुळांमधून ओली चादर आत जायची आणि पलीकडून कडक कोरडी होऊन बाहेर पडायची.

अलीकडे एक बाई चादर लावायला, पलीकडे दुसरी ओढून घ्यायला, आणि बंद-चालूचा खटका पलीकडच्या बाईच्या हाताशी. मधे वाफ इतकी की दोघींना एकमेकींचं तोंडही दिसत नसे. म्हणून हाकेचा रिवाज पडला होता. चादर गोळा झाली, बाही अडकली, की अलीकडून 'थांब' अशी हाक यायची आणि पलीकडे खटका पडायचा. निस्तरून झालं की 'सोड'. एवढ्या दोन शब्दांच्या भरवशावर तिथल्या बायकांचे हात शाबूत होते.

अलीकडे उभी राहणारी बाई बोलताना अडखळायची. 'सोड' सरळ यायचं, पण 'थ'वर तिची जीभ अडायची. 'थ-थ-थांब'. तरी बिघडत काही नव्हतं. पहिल्या 'थ'लाच पलीकडची बाई खटका पाडायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

मग नवा मुकादम आला. माणूस हसतमुख, गोष्टीवेल्हाळ. कुणाच्या घरी आजारपण असलं तर वरच्या डॉक्टरांकडे वशिला लावून द्यायचा. त्याला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. इस्पितळाचा भांडारप्रमुख त्याच्या सुटलेल्या पोटावरून चारचौघांत त्याला 'ढोल' म्हणायचा, आणि तोही 'काय साहेब' म्हणत हसायचा. तिथे हसला की खाली येऊन त्याला कुणाला तरी हसवायचं असायचं. माणूस वरून अंगावर पडलेलं खाली झटकतो, तसलाच प्रकार.

पहिल्याच आठवड्यात त्याने बाईचं नाव 'थांबाबाई' ठेवलं. चहाची वेळ झाली की दारात उभा राहून ओरडायचा, "थ-थ-थांबा!" सगळ्या हसायच्या. मग जेवणाच्या सुट्टीलाही तेच, घरी जायच्या वेळीही तेच. हळूहळू ड्रमवाले, गाडीवाले, सगळेच ते म्हणू लागले. धुलाईघरात दिवसभर तो शब्द चेंडूसारखा इकडून तिकडे उडायचा.

एकदा घडीवाली मावशी म्हणाली, "अहो मुकादम, पुरे आता. वयानं मोठी आहे ती तुमच्यापेक्षा."

"अरे बापरे! मावशींना राग आला," मुकादम म्हणाला. त्यावरही सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मावशीची घडीच्या टेबलावरून उचलबांगडी झाली आणि ती ओल्या खोलीत, रक्ता-पुवाच्या चादरी वेगळ्या काढायला. मुकादमाने शिक्षा वगैरे शब्द काढला नाही. तिथे माणूस कमी होतं, एवढंच म्हणाला. बाकीच्यांना समजायचं ते समजलं आणि त्या दिवसापासून हसू जरा मोठ्याने येऊ लागलं.

अशा त्या जागी बाईने आपल्या मुलीला कामाला लावून घेतलं. मुलीचे वडील गोदामावर राखणदार, अंगाने खंगलेले. दोन माणसांच्या कष्टाशिवाय घर उभं राहत नव्हतं. मुलगी तात्पुरती लागली, रोलरच्या पलीकडे, जुन्या बाईच्या जागी खटक्यापाशी. मुकादमाने वर शब्द टाकला की ती कायम होणार होती. घरात त्या 'कायम' शब्दाची सगळे वाट बघत होते.

पहिल्या दिवशी चहाच्या वेळी मुकादम ओरडला, "थ-थ-थांबा!" हशा पिकला. मुलगी खाली मान घालून चादर ओढत राहिली. मुकादम तिच्याकडे बघत होता.

"काय पोरी, गंमत आवडत नाही वाटतं तुला?"

"नाही, तसं नाही..."

"मग? तुझी आई नाही रागावत. काय हो थांबाबाई, रागावता का?"

वाफेपलीकडून पुढची चादर आली. मुलगी हसली. आधी नुसते ओठ हलले, मग आवाज काढावा लागला, कारण मुकादम अजून बघतच होता.

संध्याकाळी दोघी चालत घरी निघाल्या.

"आई, मला हसावं लागतं गं," मुलगी म्हणाली.

"ह-हस की. ह-हसतील त्यांचे द-दात दिसतील." आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू आधी क-कायम हो. मग ब-बघू."

मुलीला हायसं वाटलं. आईने परवानगी दिली म्हणजे पाप नाही, असा हिशेब तिने मनाशी केला. आपण सगळेच असले हिशेब करतो. पुढे ती सरावली. इतकी की मुकादमाचं तोंड उघडायच्या आत तिला हसू फुटायचं, आणि त्यात खोटं किती, खरं किती, हे तिचं तिलाही कळेनासं झालं.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. वरच्या मजल्यावर कुणी बडा पाहुणा येणार म्हणून चादरींचा ढीग पडला होता आणि मुकादम रंगात होता. तो दबकत मुलीच्या मागे येऊन उभा राहिला आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाला, "थ-थ-थांब!" मुलीने झटकन खटका पाडला. रोलर थांबला.

"अगं, मी!" मुकादम टाळी वाजवून म्हणाला. सगळ्या खो-खो हसल्या. मुलगीही हसली आणि तिने मशीन चालू केलं.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच केलं. ती पुन्हा फसली. आता हसणं आवरेना कुणाला. पण मुकादमाने चेहरा जरा गंभीर केला.

"सारखं मशीन बंद पाडलंस तर काम कसं उरकायचं? स्वतःच्या आईचा आवाज ओळखता येत नाही, आणि म्हणे कायम करा."

शेवटचं वाक्य गमतीत होतं की खरं, हे कळायला मार्ग नव्हता. मुकादमाची सगळी सत्ता त्या न कळण्यातच होती. तिने मनाशी ठरवलं, आता फसायचं नाही.

मग वाफेतून हाक आली. "थ-थ-थ..."

मुलगी हसली. मोठ्याने हसली, मुकादमाला ऐकू जावं म्हणून. "आता नाही हं फसायची!" ती म्हणाली आणि खटक्यावरचा हात तिने मुद्दाम मागे घेतला. तिच्या बरोबर सगळ्या हसल्या. हसता हसता तिने मान वळवली. मुकादम तिच्या मागे नव्हता. तो लांब दारापाशी गाडीवाल्याशी बोलत होता आणि इकडचा हशा ऐकून, काय झालं ते न कळताच, हसत होता.

तिने खटका पाडला तोवर उशीर झाला होता. चादरीच्या पिळात आईचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला होता. वरच्याच मजल्यावर इस्पितळ, म्हणून जीव वाचला. बोटं वाचली नाहीत.

मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. ही म्हण आपण शाळेत लिहितो आणि मार्क मिळवतो.

त्यानंतर धुलाईघरात कुणी तो शब्द उच्चारला नाही. चहाची वेळ झाली की गाडीवाला बादलीवर चमचा वाजवायचा. बायका खाली बघून काम करायच्या. तरी रोलर सुरू होऊन वाफ धरली की एखादी मधेच दचकायची, हातातली चादर तशीच धरून पलीकडे कान द्यायची. पलीकडे काही नसायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, कारण ऐकू काय आलं ते सगळ्यांना माहीत होतं.

मुलीचं निराळंच होतं. तिला आईची हाक ऐकू यायची नाही. तिला स्वतःचं हसणं ऐकू यायचं. चूल पेटवताना, नळाखाली भांडी धुताना, भर दुपारी रस्त्यावरून जाताना. मागून कुणी पोरगी हसली की ती वळून बघायची, आपणच आहोत की काय म्हणून. घरात आई खाटेवर पडून असायची, हाताला बोचक्याएवढं बँडेज. ती बोलणं सोडून बसली होती. पाणी हवं तर तांब्याकडे बघायची. अडखळत का होईना, पण दिवसभर चालणारा तो आवाज घरातून गेला आणि घर खायला उठलं. मुलगी तिच्या पायाशी बसून म्हणायची, "आई, शिव्या दे मला. काहीतरी बोल." आई डाव्या हाताने तिचे केस सारखे करायची, बस्स.

चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी मुकादम घरी आला. फळं घेऊन आला होता. खोटं कशाला बोला, तोही झोपलेला दिसत नव्हता.

"वहिनी, झालं ते फार वाईट झालं," तो म्हणाला. मग मुलीकडे वळून, "उद्या साहेब एकच गोष्ट विचारतील. हाक आली होती का? तू म्हण, नाही आली. घाईत राहून गेली असेल. माणसाच्या हातून होतं असं. तुझं नाव मी वर कळवलंय, पुढच्या महिन्यापासून कायम. आणि हाक आली म्हणालीस, तर साहेब विचारणार, मग खटका का नाही पाडलास? अंगावर कुणाच्या येईल ते?"

तो गेल्यावर वडील भिंतीला टेकून म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. हत्तीच्या पायाखाली जाऊ नये आपण."

आणि तेव्हा आई बोलली. "त-तसंच सांग. मी ह-हाक दिली न-नाही. हात ग-गेला तो गेला. तू क-कायम हो."

इतक्या दिवसांनी आई बोलली, ती खोटं बोल म्हणून सांगायला. मुलीला रडू फुटलं. रडतानाही तिला आतून कुणीतरी हसल्यासारखं वाटत होतं.

चौकशी भांडारप्रमुखाच्या खोलीत झाली. टेबलामागे वरचे साहेब, बाजूला भांडारप्रमुख, भिंतीशी धुलाईघरातली माणसं उभी, आणि एका खुर्चीवर आई. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मशीन थांबवण्याची हाक बाईंनी दिली होती का?"

खोलीतला ताण मुकादमाला सोसेना. सवय माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. तो म्हणाला, "साहेब, बाईंची हाक निघायची म्हणजे आपला एक चहा होतो मधे."

भांडारप्रमुख फसकन हसला. साहेबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. लगेच भिंतीशी उभ्या असलेल्यांचे ओठ हलले, कारण साहेब हसले होते. मुलीच्या गालाचा स्नायू आपोआप वर चढला. तिला तो जाणवला. चढताना जाणवला, आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिने गाल दातांखाली धरला. ती हसली नाही.

"हाक आली होती," ती म्हणाली. "मी ऐकली. आणि मी हसले."

"काय?" साहेबांनी मान वर केली. "हाक ऐकून तुम्ही हसलात?"

"हो. आमच्याकडे हसावं लागायचं."

मग तिने सगळं सांगितलं. मुकादमाची नक्कल, मावशीची ओल्या खोलीत झालेली बदली, दोनदा फसणं, 'म्हणे कायम करा'. स्वतःला तिने कुठे वगळलं नाही. मुकादम मधे म्हणाला, "साहेब, गंमत हो नुसती! सगळेच करायचे."

"सगळेच करायचो," मावशी भिंतीपासून म्हणाली. "मी सोडून दिलं बोलायचं. ते पण करणंच झालं."

साहेब आईकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

आईने मुलीकडे बघितलं. आता खोटं बोलून उपयोग उरला नव्हता. तिने तोंड उघडलं. "द-द-द..."

"नाही म्हणतायत त्या," मुकादम घाईने म्हणाला.

"तिला बोलू द्या," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण मुकादम गप्प झाला.

शब्द यायला वेळ लागला. तेवढा वेळ त्या खोलीतल्या प्रत्येकाला तिथे उभं राहावं लागलं. कुणाला कुठे बघावं कळेना.

"दिली. द-दोनदा दिली," आई म्हणाली. "पहिली द-दिली, तर सगळे ह-हसले. मला वाटलं, आता तो श-शब्द कामाचा नाही राहिला. म्हणून दुसऱ्यांदा मी प-पोरीचं घरातलं नाव घेतलं. 'च-च-चिमे' म्हणून ओरडले. पण त-तोपर्यंत हसणं फार म-मोठं झालं होतं. तिला ऐकूच न-नाही गेलं, साहेब. तिची च-चूक नाही."

मुलीला हे माहीत नव्हतं. तिने भिंतीचा आधार घेतला. तिचं नाव त्या वाफेत आलं होतं, आणि ते तिच्याच हसण्यात बुडालं होतं.

मुकादमाची बदली झाली, भांडारप्रमुखाची झाली नाही. रोलरला घंटा बसली आणि प्रश्न मिटला असं वर कळवण्यात आलं. मुलीला कायम केलं नाही. खटका न पाडल्याचा ठपका तिच्यावर आला आणि तो तिने नाकारला नाही. आता ती दुसऱ्या एका कारखान्यात काम करते. तिथेही चहाच्या वेळी कुणीतरी कुणाची तरी नक्कल करतं, साहेब हसतात, सगळे हसतात. तिलाही कधी कधी हसू येतं, माणूसच आहे ती. पण हसण्याआधी ती एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घेते, कोण हसत नाहीये ते. आणि मग ती त्या माणसाशेजारी जाऊन बसते.