परवा म्हणजे नेमकं कधी?

“नमस्कार. माझ्या भाचीने बनवलेल्या या प्रोग्रॅममुळे माझ्या व्यवसायात आमूलाग्र परिवर्तन घडून आले आहे,” मावशी म्हणाली आणि हातातली कात्री उगाचच हवेत दोनदा चालवली.

बबडीने मोबाइल खाली घेतला. “मावशी, नीट बोल ना! बातम्या देतेयस का?”

“तुझ्या दादाने लिहून दिलंय तेच बोलतेय. ते आमूलाग्र माझ्या तोंडात बसत नाही, त्याला मी काय करू?”

बबडीने कपाळावर हात मारून घेतला. कॉलेजला जायची वेळ आली तरी घरच्यांसाठी ती बबडीच होती, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या प्रवेशाच्या तिच्या अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपणार होती. मार्क चांगले होते, पण मार्क काय, सगळ्यांचेच चांगले असतात. कॉलेजला हवं होतं ते वेगळंच. स्वतः बनवलेली आणि कोणीतरी खरोखर वापरत असलेली एखादी गोष्ट, तिच्यावर निबंध आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ. मशीनला माणसांची भाषा शिकवायचा विषय पहिल्याच वर्षापासून शिकवणारं तिला माहीत असलेलं हे एकच कॉलेज होतं, म्हणून तिला तिथेच जायचं होतं.

तिने मावशीच्या पार्लरमधल्या टॅबवर चालणारा प्रोग्रॅम बनवला होता. गिऱ्हाईक मराठीत साधा मेसेज टाकणार, प्रोग्रॅम तो वाचून वेळ ठरवणार आणि उत्तर धाडणार. त्यात तिने अख्खी सुट्टी घातली होती. मग निबंध दादाच्या हातात पडला. दादाला दुसऱ्या खेपेला का होईना प्रवेश मिळाला होता, त्यामुळे या विषयात आपल्यासारखा जाणकार नाही अशी त्याची समजूत. ‘वेळ ठरवणारा प्रोग्रॅम’ लिहिलं होतं तिथे त्याने ‘ग्राहकसंवादाची नवी पहाट’ केलं. बबडी भांडली, तर म्हणाला, “सगळेच फुगवतात. तू एकटी हरिश्चंद्राचा अवतार होऊन काय उजेड पाडणार आहेस?”

मावशीचा फोन वाजला. “हो, ये की चारला,” एवढं बोलून तिने तो ठेवून दिला.

“अगं, टॅबवर टाक ना! तेच तर दाखवायचंय.”

“टाकते गं नंतर.”

टॅब कोपऱ्यात होता, धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगाखाली. बबडीने टॉवेल बाजूला केले, बटण दाबलं, दाबून धरलं. टॅब ढिम्म.

तेवढ्यात शाळेतल्या बाई आत आल्या, मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक. टॅबकडे बघून म्हणाल्या, “बंद केलंत ना ते? बरं झालं बाई! मी साधं लिहिलं, परवा आले होते, छत्री राहिलीय का बघा. तर उत्तर काय, परवा अकराची वेळ पक्की! मला वाटलं, छत्री न्यायला बोलावलंय. येऊन बघते तर माझ्यासाठी खुर्ची अडवून ठेवलेली, आणि लग्नाला निघालेली ती पोर बाहेर ताटकळतेय!”

चूक कुठे झाली ते बबडीच्या लगेच लक्षात आलं. परवा! येणाऱ्या परवाचा हिशेब तिने प्रोग्रॅमला शिकवला होता. होऊन गेलेला परवा तिच्या डोक्यातच आला नव्हता, आणि बोलायला लागल्यापासून ती तो शब्द दोन्हीकडून वापरत होती.

“कधीपासून बंद आहे हे, मावशी?”

“झाला असेल महिना.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं. त्या परवाचं काहीतरी कर म्हटलं, तर निबंधातून मान वर न करता म्हणालीस, परवा बघते.” मावशीने कात्री खाली ठेवली. “मग म्हटलं, अर्ज होऊन जाऊ दे. उगाच पोरीचा हिरमोड कशाला?”

बबडीला इतका राग आला की रडूच फुटलं. मावशीचा राग, दादाचा राग, त्या छत्रीचासुद्धा राग. आणि मावशी गुपचूप सगळं झेलत राहिली, वर आमूलाग्र पाठ करत बसली, याचा तर सगळ्यात जास्त.

तिने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, “रडतेस काय? टॅब चार्ज कर, मावशीच्या हातात दे, दोन मिनिटं हसायला सांग. तपासायला कोण येणार आहे?”

कोणीच येणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच तिचं डोकं आणखी तापलं. ज्या कॉलेजात भाषा शिकायला जायचं, त्याच्या दारात पहिलंच बोलणं खोटं करायचं?

तिने फोन ठेवला. नवी पहाट खोडली, परिवर्तन खोडलं, आणि वर लिहिलं, ‘माझी मावशी माझा प्रोग्रॅम वापरत नाही, आणि त्यात चूक माझी आहे.’ पुढचं मग भराभर सुचत गेलं. लिहून झाल्यावर तिने मोबाइल पुन्हा मावशीसमोर धरला.

“आता कागद नको. हा प्रोग्रॅम का बंद केलास, ते सांग.”

“खरं सांगू?”

“खरंच सांग.”

इतका वेळ अडखळणारी मावशी जी सुटली ती थांबेचना. बाईंची छत्री झाली, लग्नाची पोर झाली. दोन मिनिटं संपली तेव्हा ती कुठे रंगात येत होती.

बबडीने होतं तसं कॉलेजला पाठवून दिलं, आणि एक प्रत दादालाही. लगेच दादाचा फोन आला. “काय पाठवलंस हे? वेड लागलंय का तुला? गेलं आता कॉलेज!”

“जाईल कदाचित,” बबडी म्हणाली.

मावशी टॉवेलाने टॅबवरची धूळ पुसत होती. तिने भीतभीतच विचारलं, “मग ते परवाचं कधी बघतेस?”

बबडीने चार्जरची पिन टॅबमध्ये खोचली.

“आज,” ती म्हणाली.