साफसूफ केलेला फोटो

बाप सकाळी आठला दूध आणतो म्हणून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. दूध घरात होतं. बापाच्या डोक्यातलं मात्र वर्षभरापासून एकेक सामान हलत चाललं होतं. नाव विचारलं तर आधी समोरच्याचं नाव विचारून घ्यायचा. त्याला दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई लागायची. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "तीन दिवस, फार तर चार. त्याच्या आत शोधा."

थोरली मुलगी लगेच पोस्टर करायला बसली. पोस्टर हा तिचा धंदा. कचेरीत तिच्या मागच्या भिंतीवर बक्षिसांची रांग, आणि शनिवारी ती नवख्यांना शिकवायची, की पोस्टर म्हणजे धावत्या माणसाची कॉलर धरणं. नजरेला एकच रस्ता द्या, चार दिलेत तर ती एकावरूनही जाणार नाही.

धाकटा पार्सलचा टेम्पो चालवायचा. पोलिसांकडे तक्रार लिहून देऊन तो तसाच तिच्या कचेरीत आला.

"ताई, फोनमधला हा फोटो घे, खाली नंबर टाक. शंभर झेरॉक्स मार. तासाभरात चिकटवून येतो."

"झेरॉक्स? भाड्याची खोली, मूळव्याधीचा इलाज, इंग्रजीची शिकवणी, आणि त्या ढिगात आपले बाबा. कोण बघणार?"

"बाप हरवलाय, साबण विकायचा नाहीये."

"साबण विकणाऱ्यालाच कळतं लोक कुठं बघतात ते. तू टेम्पो चालव."

धाकट्याने तोंड मिटलं. दहावीत दोनदा आपटल्यापासून या घरात त्याचं तोंड असंच मिटलं जायचं.

पोस्टर झालं देखणं. काळ्या पट्टीवर पिवळी ठळक अक्षरं, 'हरवले आहेत'. बाजूला भरपूर मोकळी जागा, म्हणून नजर थेट चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून थेट नंबरावर. तीस पावलांवरून वाचता येईल एवढा नंबर. यात तिची चूक काढायला जागा नव्हती.

चूक तिने फोटोत केली. फोटो आठवड्यापूर्वीचाच होता. बाप गंजीफ्रॉकवर, दाढीचे खुंट वाढलेले, पुढचे दोन दात गायब, नाकाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढी चामखीळ. थोरलीने फोटो संगणकावर उघडला आणि तिचा हात चालायला लागला. पंधरा वर्षं हा हात नट्यांच्या पुटकुळ्या आणि पुढाऱ्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत आलेला. त्याला थांब म्हणून कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चामखीळ गेली, खुंट गेले, तोंड मिटलं. गंजीफ्रॉकवर जुन्या फोटोतला इस्त्रीचा शर्ट बसला. पण सगळा दोष हाताच्या माथी मारून भागणार नाही. शहरभर आपला बाप असा बोळका, गबाळा टांगायची तिला लाज वाटत होती. ती हे कबूल करायची नाही, म्हणून इथं सांगावं लागतंय.

छापून आलेला कागद धाकट्याने उलटसुलट पाहिला.

"हे बाबा आहेत?"

"मग कोण, तुझे सासरे?"

"नाकावरचं कुठं गेलं?"

"नजर तिथंच अडकली असती रे. नंबरापर्यंत पोचलीच नसती. तुला नाही कळायचं, चल, खळ घे."

दुपारी दोनपर्यंत तीनशे पोस्टरं लागली. जागा तिनेच निवडल्या. जिथं माणसं थांबतात आणि हातात वेळ असतो तिथं, डोळ्यांच्या उंचीवर. बस डेपोतल्या बाकाच्या वर, भिंतीवरही एक लागलं.

फोन भरपूर आले. कुणाला बँकेच्या रांगेत असेच एक साहेब दिसले होते, कुणाला विमानतळावर. धाकटा प्रत्येक ठिकाणी टेम्पो पळवायचा आणि परक्याच कुणाचा तरी गुळगुळीत बाप बघून यायचा. दुसऱ्या दिवशी एका शोरूमवाल्याचा फोन आला.

"बाई, पोस्टर कुणी बनवलं हो? आम्हाला सेलसाठी असंच पाहिजे."

थोरलीने स्वतःचं नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात फोन करा म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी पोलिसांनी बोलावलं. बस डेपोत झाडूवालीला बाकावर एक म्हातारा सापडला होता, अंग थंडगार. धाकट्याने तक्रारीत चामखीळ लिहिली होती, तिच्यावरून जुळलं. दोघांनी शवागारात ओळख पटवली आणि तिथून डेपोत आले. बाक बघून थोरली उभी राहिली ती राहिलीच. वर तिचं पोस्टर होतं, एक कोपराही न उचकटलेलं.

डेपोचा वॉचमन हळहळत पुढं आला. "तुमचे होते का? तीन दिवस इथंच बसून होते हो. मी पाणी दिलं, पाव दिला. नाव विचारलं तर माझंच विचारायचे."

"या पोस्टरखाली?" थोरलीचा आवाज फाटला.

"हो, इथंच. त्यांनीच तर मला ते वाचून दाखवलं. म्हणाले, बघा, चांगल्या घरचा माणूस दिसतो, पोरं शोधत असतील बिचारी."

"मग फोन का नाही केलात? एवढा मोठा नंबर दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की! पाठ झालाय." वॉचमनने दहाच्या दहा आकडे न अडखळता म्हणून दाखवले. "पण फोन करून सांगायचं काय, बाई? हे साहेब काही इकडे फिरकले नाहीत. मी नीट लक्ष ठेवून होतो."

थोरली बाकावर बसायला वाकली आणि बाप तिथंच आडवा झाला होता हे आठवून पुन्हा उभी राहिली. तिने धाकट्याकडे पाहिलं. निदान त्याने शिवी द्यावी, हात उचलावा, काहीतरी करावं.

धाकटा पोस्टरकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्याला या घरात वजन आलं होतं, आणि ते कुठं टाकायचं हे त्याला बरोबर कळलं.

"ताई," तो म्हणाला, "पोस्टर मात्र एक नंबर झालंय."

"तर काय," वॉचमन अगदी मनापासून म्हणाला, "पार गेटापासून नजरेत भरतं."