जोडणीची चौदा पानं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी देवश्रीताईंनी प्रकाशकाला लेखी कळवलं, की चौदा पानं कापली जाणार नाहीत. पत्र त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिलं, म्हणून वेळ मला नेमकी ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. बावीस वर्षं मी विष्णु नावाड्याची होडी चालवली. देवदिवाळीच्या गर्दीतही मी कधी बंद पडलं नाही, हे तो उतारूंना अभिमानाने सांगायचा. आता मी रामघाटच्या गल्लीत, ताईंच्या घरी, पुढच्या खोलीत विटांवर उभं आहे.

ताई पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. दिल्लीच्या एका प्रकाशकाने त्यांना होडीच्या इंजिनांच्या दुरुस्तीवर हिंदीत पुस्तक लिहायला सांगितलं. त्यांचं हे पहिलंच पुस्तक. त्यासाठी विष्णूने मला त्यांच्या हवाली केलं, आणि माझा एकेक भाग सुटा करताना त्या नोंद करत गेल्या. त्या नोंदींतून झालेल्या प्रकरणाची प्रकाशकाने तारीफ केली. जोडणीसाठी मात्र त्यांनी इतर पुस्तकांत असते तशी एकच ओळ लिहिली : सगळे भाग उलट क्रमाने बसवा.

विष्णूने तो मसुदा वाचला, मला तसंच जोडलं आणि पुन्हा होडीत बसवलं. माझ्या वरच्या झाकणाखालची, म्हणजे हेडखालची, पाणी अडवणारी चेपलेली जुनी गॅस्केट त्याने पुन्हा तिथेच बसवली. राजा घाटासमोर, होडीत अकरा उतारू असताना, मला थंड ठेवणारं पाणी गळून मी तापलं आणि माझं हेड वाकलं. दुसऱ्या होडीने दोर टाकून आम्हाला काठाला आणलं.

ताईंनी विचारलं तेव्हा विष्णु शांतपणे म्हणाला, "जो निकला, वही उलटा लगा दिया, दीदी. किताब में तो इतना ही लिखा है."

ताईंचे वडील नरहरशास्त्री वेदपाठशाळेत शिकवतात. जेवताना त्यांनी हे ऐकलं.

"आमच्याकडे मंत्रातले शब्द उलट क्रमाने पण म्हणायचे असतात," ते म्हणाले. "ते पण पूरे म्हणून दाखवावे लागतात. बाकीचं समजून घ्या म्हटलं असतं, तर गुरुजींनी मला पाठशाळेतून उठवलं असतं. तू तर अख्खं इंजिन समजून घ्यायला सांगितलंस."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी चौदा पानं लिहिली. कोणती वस्तू नवीच लागते, कोणता बोल्ट कोणत्या बोल्टनंतर, किती फेऱ्यांत थोडा थोडा आवळायचा. प्रकाशकाचे संपादक अनिमेष यांना ती जास्त वाटली. वाचक शहाणे असतात, जुनी ओळ ठेवा, नाहीतर करार रद्द, असं त्यांनी कळवलं.

ताईंचं मंगळवारचं उत्तर दोन वाक्यांचं होतं : "त्या ओळीमुळे अकरा माणसं भर नदीत अडकली. पानं राहतील, नाहीतर पुस्तकावर माझं नाव राहणार नाही."

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला उघडणारे पुष्कळ भेटले, नीट जोडणारे थोडे. तुम्ही कधी एखादं यंत्र उघडलंत, तर जोडून होईपर्यंत उठू नका, आणि कसं जोडलं ते सगळं लिहून ठेवा. कुणी छापो, न छापो.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत दिल्लीहून उत्तर आलेलं नाही. विष्णु ती पानं समोर ठेवून, नव्या गॅस्केटवर, सपाट करून आणलेलं माझं हेड बसवतो आहे. बोल्ट आवळण्याच्या तीन फेऱ्यांपैकी दोन झाल्या आहेत.